डिरेक्टरी सर्व्हरचे लॉग: रोटेशन आणि सफाईच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

३ जून २०२४, सोमवार

सकाळी साडेअकराला लेखा विभागातल्या मॅडमचा फोन. शनिवारी संध्याकाळी त्यांचं खातं लॉक झालं, आणि नेमक्या त्या वेळी त्या नात्यातल्या एका बारशाला सासवडला होत्या. फोनवर मेल पासवर्ड मागायला लागली म्हणून कळलं. "अहो, मी पाळण्याशी उभी होते, कॉम्प्युटरच्या आसपासही नव्हते. मग माझा पासवर्ड मारत कोण होतं?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर पाच मिनिटांत मिळायला हवं होतं. मुळावर (मुळा आणि मुठा हे आमचे दोन डिरेक्टरी सर्व्हर, कॉलेजभरची लॉगिन तपासणारे) जायचं, अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (सर्व्हरकडे कोण, कधी आलं त्याची नोंद) शनिवार संध्याकाळ गाठायची, एरर ४९ च्या ओळी काढायच्या (नाव किंवा पासवर्ड जुळला नाही, असा त्याचा अर्थ), आणि कनेक्शन क्रमांकावरून मागे जाऊन आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) सांगायचा.

फोल्डर उघडलं तर अ‍ॅक्सेस लॉगच्या फायली पाच. चार जुन्या, एक चालू. त्यातली सगळ्यात जुनी आजच सकाळी ६.३८ ला सुरू झालेली. म्हणजे कॉलेजभरच्या लॉगिनचा हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरला जेमतेम पाच तासांपूर्वीचं आठवत होतं. मुठावर जरा बरं, तिथे काल दुपारपासूनचं होतं. शनिवार दोन्हीकडे नाही.

त्याच फोल्डरमध्ये जीझिप केलेल्या (दाबून लहान केलेल्या) आणखी चार फायली दिसल्या, नावात आडवी रेघ आणि रविवारची तारीख. जीव भांड्यात पडला, पण उघडल्यावर प्रत्येकीत फक्त पहाटेचा पाऊण तास. चार रविवार, चार पहाटा. हे काय प्रकरण आहे ते नंतर बघायचं.

मॅडमच्या एंट्रीत (डिरेक्टरीतल्या त्यांच्या नोंदीत) खातं कधी उघडणार ती वेळ साठवलेली होती, त्यावरून लॉक शनिवारी ६.५२ ला झालं एवढं कळलं. कुठून, ते नाही. तसं कळवलं. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

माझ्या हातात आलेल्या हस्तांतराच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय: "लॉग: एक महिना".

४ जून, मंगळवार

आज मतमोजणी. स्टाफरूममध्ये टीव्हीसमोर सगळं ऑफिस, त्यामुळे फोन शांत. सेटिंग्ज नीट वाचून काढल्या.

आमच्याकडे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर आहे, आवृत्ती १.४.३. नवख्यांसाठी: ३८९ हा एलडॅपचा (डिरेक्टरीशी बोलण्याची ठरलेली पद्धत) पोर्ट क्रमांक, त्यावरूनच नाव. मूळ घराणं नेटस्केपचं. रेड हॅटने ते २००४ च्या अखेरीस घेतलं, २००५ मध्ये सोर्स खुला केला, आणि २००९ मध्ये फेडोरा डिरेक्टरी सर्व्हरचं नाव बदलून ३८९ झालं. नेटस्केप ब्राउझर वापरलेली पिढी आता निवृत्तीला आली, पण इथल्या प्रत्येक सेटिंगच्या नावापुढे अजून एनएस आहे. वाड्याचा मालक बदलला तरी दारावरची पाटी तीच.

ती लांबलचक नावं दर वेळी लिहिण्याचा कंटाळा येतो, म्हणून या नोंदींत मी आपली साधी नावं वापरणार. प्रत्यक्ष आज्ञा रनबुकात (कामाच्या पायऱ्यांचं टिपण) आहेत. अ‍ॅक्सेस लॉगला आज मुळावर काय लावलेलं आहे:

फाइल आकार १०० एमबी. रोटेशन (चालू फाइल बाजूला ठेवून नवी उघडणं) दर १ दिवसाला. फाइल संख्या १०. एकूण जागा ५०० एमबी. किमान मोकळी जागा ५ एमबी. मुदत उणे १, मुदतीचं एकक महिना.

"एक महिना" कुठून आला ते इथे कळलं. कुणीतरी शेवटची ओळ अर्धीच वाचली. एकक महिना आहे, पण आकडा उणे १ आहे, आणि उणे १ म्हणजे वयावरून फाइल कधीच काढू नकोस. महिना तिथे नुसता शोभेला.

या सगळ्या मर्यादा एकाच वेळी लागू असतात आणि जी आधी भरेल ती चालते. फाइल नवी कधी करायची हे आकार आणि वेळ ठरवतात. जुनी कधी काढायची हे संख्या, एकूण जागा, मोकळी जागा आणि मुदत ठरवतात. आमच्याकडे दिवसाला साधारण २.४ जीबी अ‍ॅक्सेस लॉग लिहिला जातो, म्हणजे तासाला एक १०० एमबीची फाइल. दहा फायली ठेवायची परवानगी आहे खरी, पण पाचवी भरतानाच एकूण ५०० एमबी ओलांडतात, म्हणून सगळ्यात जुनी जाते. चार जुन्या आणि एक चालू. काल दिसलेलं चित्र तंतोतंत हेच. सर्व्हरने सांगितलं तेच केलं.

आणखी एक, हे मला माहीत नव्हतं: जुनी फाइल काढायचा विचार सर्व्हर नवी फाइल उघडतानाच करतो, एरवी नाही. आणि रोटेट झालेल्या फाइलच्या नावात जी वेळ असते ती फाइल सुरू झाल्याची, बंद झाल्याची नव्हे. शोधताना हे डोक्यात नसेल तर माणूस शेजारच्या फाइलमध्ये तास घालवतो.

६ जून, गुरुवार

रविवारच्या पहाटांचं कोडं सुटलं. माझ्या आधीच्या कुणीतरी, सर्व्हरचं स्वतःचं रोटेशन चालू असताना, लिनक्सच्या लॉगरोटेटमध्येही (लॉग फायली ठरल्या वेळी बदलणारा प्रोग्राम) याच फोल्डरची फाइल टाकून ठेवली आहे. साप्ताहिक, चार प्रती, कॉम्प्रेस. हेतू चांगला असणार.

प्रत्यक्षात काय होतं ते पवनावर (आमचा चाचणीचा सर्व्हर, नद्यांची नावं द्यायची पद्धत माझ्या आधीपासूनची) करून बघितलं. लॉगरोटेट चालू फाइलचं नाव बदलतो आणि त्या जागी रिकामी नवी ठेवतो. सर्व्हरला याचा पत्ताच नाही. त्याने फाइल उघडून धरलेली आहे, नाव बदललं तरी तो त्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. मग जीझिप येतो, तिची दाबलेली प्रत करतो आणि मूळ काढून टाकतो. सर्व्हर तरीही लिहितोच आहे, आता नाव नसलेल्या फाइलमध्ये. एलएसओएफ (कुणी कुठली फाइल उघडी धरलीय ते दाखवणारी आज्ञा) लावून बसलो होतो. फाइलपुढे "डिलीटेड" लिहिलेलं आणि शेजारचा आकडा वाढतोय. फोल्डरमध्ये मात्र अ‍ॅक्सेस शून्य बाइट.

पुढे सर्व्हरच्या स्वतःच्या रोटेशनची वेळ आली की तो हातातली फाइल सोडतो. ती त्याच क्षणी कायमची गेली. वर ती शून्य बाइटची फाइल तारीख लावून जुन्यांत जमा. म्हणजे दर रविवारी पहाटेपासून मुळावरची फाइल भरेपर्यंतचा लॉग लिहिला जाऊन हवेत जात होता. किती महिने, देव जाणे.

काही जण यावर कॉपी करून चालू फाइल रिकामी करण्याचा पर्याय सुचवतात. कॉपी आणि रिकामी करणं यांच्या मधल्या ओळी त्यातही जातातच. एका फोल्डरची साफसफाई दोघांकडे नको, असं माझं मत झालं. लॉगरोटेटमधली ती फाइल दोन्ही सर्व्हरवरून काढली.

७ जून, शुक्रवार

रोटेशनइन्फो नावाची छोटी फाइल वाचली. सर्व्हरची वही: आधीच्या कुठल्या फायली, कधीच्या, किती बाइटच्या. पवनावर एक जुनी फाइल जागच्या जागी जीझिप करून बघितली. डिस्कवर जागा सुटली, पण वहीत तिचा आकार जुनाच राहिला, म्हणून एकूण जागेच्या हिशेबात ती पूर्ण वजनाने धरली गेली. आणि तयार झालेली दाबलेली फाइल (जीझेड) वहीत नाही, म्हणजे ती सर्व्हर कधीही काढणार नाही. दोन्हीकडून तोटा. त्याच्या फोल्डरमध्ये आपण हात घालायचा नाही. प्रत घ्यायची, बस.

१० जून, सोमवार

मर्यादा वाढवण्याआधी एवढं लिहिलं काय जातंय ते बघू म्हटलं. आमच्या कॉलेजच्या मानाने दिवसाला २.४ जीबी जरा अतीच.

लॉगकॉन्व्ह हे विश्लेषणाचं साधन सर्व्हरबरोबरच येतं. एक तासाची फाइल त्यात घातली. सगळ्यात जास्त कनेक्शन उघडणाऱ्या आयपींच्या यादीत पहिला आणि दुसरा यांच्यात इतकं अंतर की पहिला चुकून दोनदा मोजला गेला असेल असं वाटलं. तो निघाला गेटपासचा सर्व्हर. मुख्य फाटक, मागचं फाटक, वसतिगृह, ग्रंथालय आणि पार्किंग अशा पाच ठिकाणी पडदे लावलेत, "आता कामावर कोण" दाखवणारे. दर पाच सेकंदांनी ताजे होतात. पाच पडदे, पाच सेकंद, म्हणजे सेकंदाला एक फेरी. दिवसाच्या ८६,४०० फेऱ्या.

एका फेरीत काय होतं ते ओळीओळीने वाचलं. नवं कनेक्शन. टीएलएस (संवाद कूटबद्ध करणं). बाइंड (नाव-पासवर्ड देऊन आत येणं), त्याचा निकाल. गट शोध, त्याचा निकाल. मग गटातल्या प्रत्येक माणसासाठी वेगळा शोध, वेगळा निकाल. चाळीसेक माणसं, ऐंशीएक ओळी. मग अनबाइंड, कनेक्शन बंद. पाच सेकंदांत वॉचमन काकांचं आडनाव बदलेल अशी भीती असल्यासारखं पुन्हा विचारायचं. फेरीला १५ केबीच्या वर, दिवसाला १.३ जीबीच्या आसपास. निम्म्याहून जास्त लॉग हा एकटा लिहवतोय, आणि रात्री तीन वाजता रिकाम्या पार्किंगसमोरचा पडदाही तितकाच कामसू.

१२ जून, बुधवार

गेटपास बनवणारा मुलगा आपलाच माजी विद्यार्थी. त्याला बोलावून ओळी दाखवल्या. आधी म्हणाला, "पण दादा, सर्व्हर तर झेपवतोय की." झेपवतोय, हे खरंच. मग एका फेरीच्या ओळी प्रिंट करून समोर ठेवल्या. दोन पानं भरली. तो बघत राहिला आणि म्हणाला, "हे मी लिहिलंय?"

ठरलं असं: कनेक्शन एकच उघडं ठेवायचं, गटातली माणसं एकाच शोधात आणायची, आणि उत्तर दहा मिनिटं स्वतःजवळ धरून ठेवायचं. पडदा पाच सेकंदांनी ताजा होऊ दे, डिरेक्टरीला विचारायचं दहा मिनिटांनी.

१४ जून, शुक्रवार

किती दिवसांचं ठेवायचं यावर प्रमुख सरांबरोबर बैठक. मी एक महिना म्हणणार होतो. सरांनी सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश पुढे केले: सगळ्या यंत्रणांचे लॉग सलग १८० दिवसांचे, भारतात, सुरक्षित. घटना घडली तर सहा तासांत कळवायची, हेही त्यातच आहे. आपले लॉग पाच तासांचे होते, म्हणजे सहा तासांत कळवायला बसेपर्यंत पुरावा गेलेला. सर हसले नाहीत.

मुळा दिवसाला साधारण १.१ जीबी (गेटपास सुधारल्यावर), मुठा अर्धा जीबी. १८० दिवसांचे २९० जीबीच्या आसपास. तेवढं डिरेक्टरी सर्व्हरवर ठेवायची गरजही नाही, इच्छाही नाही. नमुन्याची एक फाइल जीझिप केली तर १०० एमबीची ८ एमबी झाली. ओळी एकसारख्या असल्या की दाबायला बरं. म्हणजे संग्रह २३-२४ जीबी. हे कुठेही मावेल.

तेव्हा: सर्व्हरवर ७ दिवस, बाकी संग्रहाच्या वेगळ्या मशीनवर. सर्व्हरवरचं सर्व्हर काढेल, संग्रहातलं संग्रहाची स्क्रिप्ट काढेल. नव्या आवृत्त्यांत सर्व्हर स्वतः रोटेट झालेल्या फायली कॉम्प्रेस करू शकतो, आमच्या १.४.३ मध्ये ती सोय नाही. अपग्रेड हा वेगळा प्रकल्प, त्याला इथे हात लावत नाही.

१८ जून, मंगळवार

पवनावर नव्या मर्यादा लावल्या. पहिल्याच आज्ञेला नकार. मी फाइल आकार ६०० एमबी करून बघत होतो आणि एकूण जागा अजून ५०० च होती. एक फाइल एकूण जागेपेक्षा मोठी कशी, हा त्याचा आक्षेप. बरोबरच आहे. वाढवताना आधी एकूण जागा, मग फाइल आकार. कमी करताना उलटं. रनबुकात लाल अक्षरांत लिहिलं.

शेवटी ठरलेले आकडे: फाइल आकार २०० एमबी, कारण ६०० एमबीची फाइल लेसमध्ये (फाइल वाचायची आज्ञा) उघडून शोधणं म्हणजे शिक्षा. एकूण जागा २०,००० एमबी. फाइल संख्या १२०. मुदत ७, एकक दिवस. किमान मोकळी जागा २,००० एमबी. रोटेशन दर दिवसाला, तेही मध्यरात्री: घड्याळाशी जुळवण्याची वेगळी सेटिंग आहे, ती चालू करून तास ०, मिनिट ०. ती नसेल तर "एक दिवस" हा फाइल सुरू झाल्यापासून मोजला जातो आणि प्रत्येक फाइल दोन तारखांवर पाय ठेवून उभी राहते.

नेहमीच्या दिवसांत ७ दिवसांची मुदत आधी लागेल, आणि प्रवेशाच्या गर्दीत लॉग दुप्पट झाला तरी १५-१६ जीबीत आठवडा बसतो. बाकीच्या मर्यादा कुंपण म्हणून. कुठली मर्यादा आधी लागावी हे आपण ठरवलेलं असावं, एवढाच हट्ट.

सर्व्हर पुन्हा चालू करावा लागत नाही, बदल तत्काळ लागू होतो. पण ओळी फाइलमध्ये जरा उशिराने दिसतात, कारण अ‍ॅक्सेस लॉग बफरमधून (आधी मेमरीत साठवून, मग एकदम) लिहिला जातो. टेल (फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणारी आज्ञा) लावून "काहीच येत नाही" म्हणून घाबरलो होतो.

१९ जून, बुधवार

रात्री दहा ते बारा, मुठा आणि मग मुळा. दोन्हीकडे स्वतंत्रपणे करावं लागतं. डेटाचं रेप्लिकेशन (एकावरचा बदल दुसऱ्यावर जाणं) होतं, कॉन्फिगचं होत नाही. "एकावर केलं की दुसऱ्यावर जातंच" हा समज ऑफिसात पक्का आहे.

याच वेळी लॉगसाठी ४० जीबीचा वेगळा व्हॉल्यूम (डिस्कचा स्वतंत्र भाग) जोडला. आत्तापर्यंत लॉग आणि डेटाबेस एकाच डिस्कवर, व्हार फोल्डरमध्ये नांदत होते. लॉगने डिस्क भरली असती तर लॉगिनच बंद पडलं असतं.

मुठावर व्हॉल्यूम जोडून सर्व्हर चालू केला, तो उठेना. फोल्डरची मालकी डीआयआरएसआरव्ही युजरकडे (ज्याच्या नावाने सर्व्हर चालतो) दिली होती, परवानग्या जुन्यासारख्या होत्या, तरी उठेना. वीस मिनिटं गेली. ताज्या व्हॉल्यूमला एसई-लिनक्सचं (लिनक्सची जादा सुरक्षा) लेबल नव्हतं. रिस्टोअरकॉन (लेबल लावणारी आज्ञा) चालवलं, उठला. मुळावर हीच पायरी आधी केली, तिथे दोन मिनिटांत काम. बाराला पाच मिनिटं असताना चहा करायला गेलो, परत येऊन मध्यरात्रीचं पहिलं रोटेशन बघितलं. ००:०० ला नवी फाइल. उगाच आनंद झाला.

२४ जून, सोमवार

संग्रहाची स्क्रिप्ट आजपासून चालू, दर तासाला. काम साधं आहे: फक्त रोटेट झालेल्या फायली घ्यायच्या, चालू फाइलला शिवायचं नाही, तात्पुरत्या नावाने जीझिप करायचं, तपासायचं, मग खरं नाव द्यायचं. पहिल्या मसुद्यात मी "अ‍ॅक्सेस टिंब काहीही" असा नमुना दिला होता, त्यात ती वहीसुद्धा उचलली गेली. आता टिंबानंतर आठ आकडे, रेघ, सहा आकडे, असंच लागतं.

जुनी फाइल काढताना फाइलची सुधारणा-वेळ धरली नाही, नावातली तारीख धरली. उद्या संग्रह दुसऱ्या डिस्कवर हलवताना कुणी साधी कॉपी केली तर सगळ्या फायली आजच्या होतील, आणि मग सहा महिने काहीच निघणार नाही. मर्यादा १८५ दिवस ठेवली. नावात सुरुवातीची वेळ असते, शिवाय काठावर उभं कशाला राहायचं.

ऑडिट लॉगही याच वाटेने. तो आम्ही चालू ठेवलाय, कुणी कुठली एंट्री बदलली ते त्यात असतं, आणि पासवर्ड बदलला की त्याचा हॅशही (पासवर्डचं गुप्त केलेलं रूप) असतो. म्हणून संग्रहातल्या फायलींना ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि "मला जरा लॉग मेल कर ना" याला नकार.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामी, पेठांतले रस्ते बंद, निम्मं ऑफिस घरून. प्रवेश सुरू. मुळाचा काल दिवसभराचा लॉग ०.७ जीबी, रविवार म्हणून. गेटपासचे शोध आता यादीत शोधावे लागतात.

९ जुलै, मंगळवार

डिस्कवर लक्ष ठेवण्याची सर्व्हरची स्वतःची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते, ती चालू केली. मुळाला त्यासाठी एकदा रीस्टार्ट दिला, रात्री ११.४०.

ही सोय चालू करताना एक गोष्ट समजून घ्यावी. मोकळी जागा ठरवलेल्या रेषेखाली गेली की सर्व्हर आधी सविस्तर लॉगिंग बंद करतो, मग अ‍ॅक्सेस आणि ऑडिट लॉग बंद करतो, मग रोटेट झालेल्या फायली काढतो. तरी जागा रेषेच्या निम्म्यावर घसरली तर सवलतीचा वेळ देऊन, तो मूळ सेटिंगमध्ये ६० मिनिटं असतो, स्वतः बंद होतो. म्हणजे लॉग काढणारा आणखी एक हात. सर्व्हरची मूळ रेषा २० लाख बाइट, म्हणजे २ एमबी, आजच्या काळात ती असून नसल्यासारखी. आम्ही २ जीबी केली, आणि ५ जीबीलाच मला मेसेज येईल अशी सोय बाहेरून केली. सर्व्हरवर तो विचार करायची वेळ येऊ नये.

२२ जुलै, सोमवार

लेखा विभागातल्या मॅडम. खातं परत शनिवारी लॉक. या वेळी फोन न करता स्वतः आल्या आणि समोर बसल्या.

मुळाची शनिवारची फाइल अजून सर्व्हरवरच. ६.४९ पासून एरर ४९, पाच वेळा, मग लॉक. कनेक्शनचा क्रमांक मिळाला, पण ते उघडल्याची ओळ त्या फाइलमध्ये नाही, आदल्या दिवशीही नाही. काही कनेक्शनं दिवसेंदिवस उघडी असतात. आयपी फक्त उघडतानाच्या ओळीत लिहिला जातो, पुढच्या हजारो ओळींत नुसता क्रमांक. सर्व्हर पुन्हा चालू झाला की क्रमांक परत एकपासून, म्हणून शेवटच्या रीस्टार्टच्या मागे जायचं नाही. मागे मागे जात सापडली ती ९ जुलैच्या रात्री ११.४१ ची ओळ, रीस्टार्टनंतरच्या मिनिटातली. सात दिवस सर्व्हरवर, बाकीचे संग्रहात, म्हणून मिळाली. आयपी रेडियस सर्व्हरचा, म्हणजे वाय-फायचं लॉगिन तपासणाऱ्या मशीनचा. तिथल्या लॉगमध्ये त्याच सेकंदाला मॅडमचं नाव आणि एका टॅब्लेटचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक).

मग सहज संग्रहात मागचे शनिवार शोधले. १३ जुलै, ६ जुलै, २९ जून. सगळीकडे पावणेसात-सातच्या दरम्यान पाच ओळी आणि लॉक. खातं तासाने आपोआप उघडतं, आणि त्या तासात मॅडमनी मेल बघितली नाही, म्हणून कळलं नाही.

"टॅब्लेट? तो फी-काउंटरचा?" मॅडम म्हणाल्या. गेल्या वर्षीच्या प्रवेशावेळी काउंटरवर त्यांचं लॉगिन टाकलेलं होतं. कपाटात पडून असतो. शिपाई मामांना विचारलं, तर म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी निघायच्या आधी चार्जिंगला लावतो की, सोमवारी लागला तर बंद नको. सोमवारी सकाळी परत कपाटात." चार्जिंगला लावला की तो चालू होतो, वाय-फाय शोधतो आणि गेल्या वर्षीचा पासवर्ड मारत बसतो.

मामांची काहीच चूक नाही. टॅब्लेटच्या वाय-फायमधून मॅडमचं नाव पुसलं, तिथे काउंटरचं वेगळं खातं घातलं. मॅडम जाताना म्हणाल्या, "हे जूनमध्येच सांगितलं असतंत तर मी दोन महिने भाच्यावर संशय घेतला नसता."

२७ डिसेंबर, शुक्रवार

१८५ दिवस काल भरले. आज पहाटे संग्रहाच्या स्क्रिप्टने पहिल्यांदा काहीतरी काढलं. चाचणीत शंभरदा चालवली होती, तरी सकाळी आल्या आल्या तिचा लॉग उघडला. २४ जूनच्या फायली, मुळाच्या सहा, मुठाच्या तीन, ऑडिटच्या दोन. २५ जूनच्या जागेवर. संग्रह एकूण २२ जीबी.

स्क्रिप्टचा स्वतःचा लॉग जूनपासून एकाच फाइलमध्ये चाललाय, ११ एमबी झालाय. त्याला रोटेशन लावायचं राहिलं. सोमवारी.